मंजूर

रिकाम्या सभागृहात मी आधी टाळी वाजवतो.
एकच. मग घड्याळाकडे बघत उभा राहतो.

सातपूरला, कामगार पतपेढीच्या हॉलमध्ये,
टाळी वर गेली, काँक्रीटच्या कमानीला लागली,
शहाबादी फरशीवर उतरली, काचांवरून घसरली,
पुन्हा वर.
चार सेकंद आणि थोडं.
लगेच दुसरी वाजवली असती
तर दोघी पायात पाय अडकून पडल्या असत्या.

तुळशीराम शिपाई हळूच म्हणाला,
वीस वर्षं चहा फिरवतोय इथे,
एक भाषण कळलं नाही.
मला वाटायचं, माझेच कान.

चेअरमन खैरनारांना हॉल लग्नांना द्यायचा होता.
मंगलाष्टकातलं सावधान तीन-तीनदा ऐकू येतं,
नवरा मुलगा घाबरतो, म्हणाले,
आणि स्वतःच हसले.
ते हसू बराच वेळ हॉलमध्येच राहिलं.

अकरा दिवस लागले.
ॲल्युमिनियमच्या दोन फुटी चौकोनी टाइल्स,
प्रत्येकीला बारीक छिद्रं, मुंगी अडकेल एवढी,
मागे काळं कापड, त्यावर
दगड वितळवून काढलेली लोकर, प्लास्टिकच्या पिशवीत.
अश्पाक संध्याकाळी खोबरेल तेल चोळायचा हातांना,
तरी रात्रभर खाजवायचा.
भिंतीला कान असतात म्हणतात.
छताला आम्ही बसवतो.

आवाज छिद्रातून आत जातो,
लोकरीत वाट चुकतो, दमतो,
आणि त्याची ऊब होते.
इतकी थोडी, की अख्ख्या सभेच्या बोलण्यावर
चहाचा एक घोट कोमट होणार नाही.

शाळेच्या सहलीत, पांडवलेण्यात,
मी माझं नाव ओरडलो होतो.
परत आलं ते एका मोठ्या माणसाचं होतं.
मी वळून पाहिलं होतं.
या धंद्यात कसा आलास, कुणी विचारलं
तर हे सांगत नाही.

सप्टेंबरात वार्षिक सभा.
मी राहिलेल्या पैशांसाठी गेलो, मागे बसलो.
ताळेबंद वाचून कायम करणे. मंजूर?

दरवर्षी पुढच्या रांगेतले पाच जण म्हणायचे, मंजूर,
आणि हॉल री ओढायचा,
मंजूरमंजूरमंजूर,
शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेतो
ठराव एकमताने झालेला असायचा.

यंदा पाच जण म्हणाले, मंजूर.
पाचच.
मोजता आले. एकाला सर्दी होती.

मग जे झालं त्याला शांतता म्हणावं
तर पंखे चालू होते, कुणी अहवालाचं पान उलटलं,
ते पान उलटणंही सगळ्यांनी ऐकलं.
सिंधूबाई गायखे, वाइंडिंग खात्यातून निवृत्त,
उठल्या नाहीत, माइक मागितला नाही,
घरात मीठ मागावं तशा म्हणाल्या,
पान सतरा. किरकोळ खर्च.
हे किरकोळ म्हणजे काय?

तीनशे माना वळल्या.
मी सहा वर्षं हेच विचारतेय,
त्या म्हणाल्या, जरा ओशाळून,
जणू चूक त्यांचीच.
चष्म्याच्या डबीचं झाकण मिटलं, टक.
तेही पोचलं व्यासपीठापर्यंत.

चौथ्या दिवशी खैरनारांचा फोन.
आवाज मरतोय हो तुमच्या त्या पत्र्यात.
चार टाइल्स काढता येतील का?
निदान व्यासपीठावरच्या?
उरलेल्या हप्त्याचं मग बोलू.

गेलो. हॉल रिकामा, ऊन फरशीवर.
टाळी वाजवली.
हातातच वाजली आणि हातातच संपली,
एवढी एकटी टाळी
मीच कधी ऐकली नव्हती.
शिडी आणली होती. ती भिंतीला टेकून ठेवली.

दूर, शेवटच्या दाराशी,
तुळशीराम कपबशा विसळत होता.
काही म्हणालात का साहेब?
नाही रे, पुटपुटलो मी,
नुसती टाळी वाजवली.

हो, तो म्हणाला, मान वर न करता.
ऐकली.